टेकू

मंडळी, गेल्या अंकातल्या ओटीपीच्या लेखावर इतके फोन आले, की शेवटी शेवटी प्रत्येक अनोळखी नंबर मला फसवणुकीचा वाटायला लागला. सगळ्यांचे आभार. त्यातला एक फोन मात्र वेगळ्याच विषयावर निघाला. मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "अरे, ते ओटीपीचं कळलं. मला दुसरंच विचारायचंय. आमच्या धाकट्याचं बीई सिव्हिल झालं, त्याला इच्छापोरला शिकाऊ इंजिनियर म्हणून घेताहेत. काम काय, तर म्हणे टेंपररी वर्क्सचं डिझाइन. आता नोकरी टेंपररी आहे का काम टेंपररी आहे, एवढंच सांग मला."

काकू, दोन्ही. नोकरी एका वर्षाची, आणि काम असं, की नीट झालं तर वर्षअखेरीस त्यातलं काहीच जागेवर शिल्लक राहत नाही.

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण हा तुमचा सॉफ्टवेअरवाला मुळात सिव्हिलचा आहे. बीई झाल्यावर पहिलं वर्ष मी याच इच्छापोरला, याच कामात शिकाऊ म्हणून काढलं. तेव्हा घरचे चारचौघांत "साइटवर असतो" एवढंच सांगायचे, कारण नेमकं काय करतो ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. तर काकूंच्या निमित्ताने ते एकदा नीट सांगून टाकतो. घरात अकरावी-बारावीची किंवा इंजिनियरिंगची मुलं असतील, तर त्यांनाही वाचायला द्या.

'टेकू' हा शब्द हल्ली वर्तमानपत्रात फक्त आघाडी सरकारच्या बातमीत भेटतो. खरा टेकू म्हणजे स्लॅबखाली उभा असतो तो. काँक्रीट ओतलं तेव्हा ते चिखलासारखं असतं. त्याला आकार नसतो आणि ताकदही नसते, असतं ते फक्त वजन. स्वतःच्या पायावर उभं राहायला त्याला दिवस लागतात. तोवर त्याला जे अंगाखांद्यावर घेऊन उभं राहतं ते सगळं तात्पुरतं काम. स्लॅबखालची सेंटरिंग, कॉलमच्या भोवतीची शटरिंग, बाहेरची परांची, खोल खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून लावलेले आधार, नदीत खांब उभा करताना पाणी अडवायला घातलेला बांध, पुलाचे गर्डर उचलून ठेवणारं अवाढव्य यंत्र, हे सगळं यात येतं. इमारतीचं उद्घाटन होतं तोवर हे सगळं ट्रकमध्ये भरून पुढच्या साइटवर गेलेलं असतं. कोनशिलेवर आर्किटेक्टचं नाव असतं, ठेकेदाराचं असतं, मंत्र्यांचं तर असतंच. टेकूचं गणित करणाऱ्याचं नाव मी अजून कुठे कोरलेलं पाहिलेलं नाही.

इच्छापोर हे सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना लागणारं गाव. आता तिथे जीआयडीसी आहे, हिऱ्या-दागिन्यांचं पार्क आहे, आणि पुढे हजिऱ्यापर्यंत खत, पोलाद, वायू आणि जड यंत्रांचे कारखाने. माझ्या वेळी आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. रात्रभर ट्रेलरांचा आवाज आणि सकाळी बादलीतल्या पाण्यावर धुळीची साय. आमचं डिझाइन ऑफिस म्हणजे लोखंडी कंटेनर. आत दोन कॉम्प्युटर आणि एक एसी, जो दुपारी दोनला नेमका हात टेकायचा. आमची साइट होती एका कारखान्याच्या इमारतीची. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याला पुढे कारण आहे.

कॉलेजात आम्ही चार वर्षं बीम, कॉलम, स्लॅब, पाया शिकलो. ते सगळं तयार झाल्यावर कसं वागेल, याची गणितं. तयार होईपर्यंत ते कसं उभं राहतं, यावर अख्ख्या चार वर्षांत मिळून एखादा तास झाला असेल. त्यामुळे पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने स्टॅड उघडून बसलो, तर आमचे वरिष्ठ (बडोद्याचे होते, आम्ही साहेबच म्हणायचो) म्हणाले, "पहेलां गणी आव." आधी मोजून ये. काय मोजून येऊ? तर आवारात पडलेल्या कपलॉकच्या नळ्या. किती आहेत, त्यातल्या किती वाकलेल्या आहेत, किती गंजलेल्या आहेत, किती जणींचे कप चेपलेत. मी दोन दिवस उन्हात मोजत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं, की कागदावरची नळी नेहमी सरळ असते आणि आवारातल्या दर दहांतली एकदोन नसते. डिझाइन करायचं ते आवारातल्या नळीचं.

पहिला धडा वजनाचा. तुम्ही आत्ता बसलाय त्या खोलीच्या छताकडे बघा. समजा खोली दहा बाय बारा फुटांची आणि स्लॅब १५० मिलिमीटर जाड. सळईसकट काँक्रीट घनमीटरला साधारण २,५०० किलो भरतं. म्हणजे चौरस मीटरला ३७५ किलो, आणि खोलीभर स्लॅबचे चार टनांहून जास्त. पाच अल्टो गाड्या डोक्यावर उभ्या केल्यासारखं. स्लॅब भरतात त्या दिवशी यात माणसं, पंपाचा पाइप, व्हायब्रेटर, आणि एकाच जागी चुकून पडलेला काँक्रीटचा ढीग यांची भर. त्या दिवशी हे सगळं उभं असतं ते जेमतेम ४८ मिलिमीटर जाडीच्या पोकळ नळ्यांवर. पायरीवरच्या रेलिंगची नळी असते ना, साधारण तेवढीच.

मग एवढीशी नळी कशी पेलते? इथे दुसरा धडा. घरात लांब फूटपट्टी असेल तर ती टेबलावर उभी धरा आणि वरून दाबा. ती मोडत नाही, बाजूला फुगून वाकते. आता मधोमध कुणाला तरी नुसती दोन बोटांनी धरायला सांगा आणि पुन्हा दाबा. एकदम किती ताकद आली बघा. अठराव्या शतकात ऑयलर नावाच्या गणितज्ञाने याचं सूत्र मांडलं. बिनआधाराची लांबी दुप्पट झाली की खांबाची ताकद निम्मी होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येते. आमच्या नळ्यांच्या जाडीला प्रत्यक्षात ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास यायची, पण अंगावर काटा यायला तेवढंही पुरे. म्हणून उभ्या नळ्यांना दर दीड मीटरवर आडव्या नळ्या, ज्यांना लेजर म्हणतात, आणि तिरप्या ब्रेसिंग लावतात. बघणाऱ्याला वाटतं की भार उभ्या नळ्यांवर आहे, आडव्यांचं काय काम. आणि साइटवरचा माणूस नेमकी आडवीच काढतो. हातगाडी जायला वाट हवी असते, जेवायला बसायला सावलीत जागा हवी असते. एक आडवी नळी काढली, की तिच्या दोन्ही टोकांच्या उभ्या नळ्यांची ताकद त्याच क्षणी तिसरा हिस्सा. वर बघून काहीच कळत नाही. सगळं जिथल्या तिथे असतं.

आमचे सेंटरिंगचे मिस्त्री शिंदखेड्याकडचे. सुरतेत खानदेशची माणसं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको, उधना-लिंबायतला आपण परराज्यात आहोत असं वाटतच नाही. मिस्त्री सातवी शिकलेले, ऑयलरचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पण सकाळी सेंटरिंगखालून एक फेरी मारायचे, आणि कुठे आडवी नळी निघालेली दिसली की तिथेच उभं राहून मोठ्याने विचारायचे, "हाई काय शे?" त्या तीन शब्दांवर अख्खी टोळी धावत यायची. माझ्या ड्रॉइंगवरही ते हेच म्हणायचे. कोपऱ्यातल्या कॉलमपाशी मी दाखवलेली नळी तिथे बसतच नाही, कारण सळया आधीच बाहेर आलेल्या आहेत, हे त्यांना कागद न वाचता दिसायचं. मी कंटेनरमध्ये परत जाऊन ड्रॉइंग बदलायचो. हे रोजचं होतं आणि ड्रॉइंग बदलण्यात कमीपणा काही नव्हता, शिकाऊ माणसाचं कामच ते.

तिसरा धडा मला सगळ्यात मोठा वाटतो. जमीन. टेकू कितीही मजबूत असला तरी तो उभा कशावर आहे?

जूनचे पहिले दिवस होते. इमारतीच्या पुढच्या भागात सहा मीटर उंचीचा हॉल. त्याचा स्लॅब २०० मिलिमीटरचा, आकार साधारण १८ बाय २४ मीटर. बीम धरून शंभर घनमीटरच्या आसपास काँक्रीट, म्हणजे अडीचशे टन. खाली दर १.२ मीटरवर एक उभी नळी, असे सव्वातीनशेच्या वर पाय. शनिवारी सकाळी सहाला भरायचा ठरलेला. पंप सांगितलेला, प्लँटवर मिक्सर लागलेले, साइट मॅनेजरनी नारळ आणि पेढेही आणून ठेवलेले. शुक्रवारी संध्याकाळी पाऊस आला. पहिला पाऊस, तासभरच, पण सुरतेला येतो तसा बादलीने ओतल्यासारखा.

ज्या जमिनीवर आमचे सव्वातीनशे पाय उभे होते, ती मूळची काळी माती, तिच्यावर भराव. कोरडी असली की दगडासारखी, भिजली की लोण्यासारखी. पायाखाली लाकडी स्लीपर टाकायचे असं ड्रॉइंगवर होतं. अर्ध्या भागात होते. उरलेल्या अर्ध्यात स्लीपर कमी पडले म्हणून नुसत्या लोखंडी बेस प्लेटा जमिनीवर ठेवलेल्या. हा निर्णय कुणाचा, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

साहेब रात्री आठला बॅटरी घेऊन खाली उतरले, मला बरोबर घेतलं. हातात बारा मिलिमीटरच्या सळईचा एक तुकडा. एका बेस प्लेटच्या शेजारी तो टेकवला आणि हातानेच दाबला. वीतभर आत गेला. दुसरीकडे दाबला, तिथेही गेला. मग मला म्हणाले, "आता हिशोब सांग." तिथेच, बॅटरीच्या उजेडात, वहीवर मांडला. एका पायावर काँक्रीट, फळ्या, माणसं मिळून साधारण १,१०० किलो. बेस प्लेट १५ बाय १५ सेंटिमीटरची. म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ४९ टनांचा दाब. भिजलेला भराव सुखाने पेलेल पाच, फार तर सात-आठ. तोच पाय २५ सेंटिमीटर रुंद जाड स्लीपरवर ठेवला, की भार पसरतो आणि दाब चार टनांच्या आत येतो. लाकूड साधं, पण आकडा बाराव्या-तेराव्या हिश्श्यावर.

कुणी म्हणेल, थोडं खचलं तर काय बिघडलं? सगळं मिळून सारखं खचलं तर फारसं नाही. पण इथे अर्धे पाय स्लीपरवर आणि अर्धे चिखलात. चिखलातला पाय खचला की त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यावर जातो, तो वाकतो, मग त्याच्या शेजारचा. अशा वेळी वर पंधरावीस माणसं असतात आणि खाली, ठोकून ठोकून टेकू तपासणारी, तीनचार.

साइट मॅनेजर आले. ते काही वाईट माणूस नव्हते हे आधी सांगतो. त्यांच्यावर तारखेचं दडपण होतं, आणि एक शनिवार गेला की पंप पुन्हा आठवड्याने मिळणार होता. ते म्हणाले, "वीस वर्षं स्लॅब टाकतोय, असे कितीतरी पावसात टाकलेत, काही झालं नाही." साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी सळईचा तुकडा त्यांच्या हातात दिला. मॅनेजरनी दोनतीन ठिकाणी दाबून पाहिला. मग कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी ते म्हणाले, "रोकवानी चिठ्ठी लखी आपो." थांबवण्याचं लेखी द्या. साहेबांनी माझ्या वहीचं पान फाडून घेतलं, त्यावर लिहिलं, स्वतःची सही केली. मी पेन पुढे केलं म्हणून म्हणाले, "तू नहीं." शिकाऊ माणसाने सही करायची नसते, ना चालू करायला, ना थांबवायला.

तो स्लॅब चार दिवस उशिरा पडला. मधल्या वेळात त्या अर्ध्या भागातले पाय टप्प्याटप्प्याने सोडवून खालचा चिखल उपसला, खडी दाबली, वर पातळ काँक्रीटचा थर टाकला आणि हजिऱ्याकडच्या एका भंगारवाल्याकडून स्लीपर आणून पुन्हा उभारणी केली. खर्च झाला, वर ओरडा झाला, पंपवाल्याने दंड लावला. बुधवारी स्लॅब झाला. काहीच घडलं नाही.

या कामाचं अवघड हेच आहे. काहीच घडलं नाही, म्हणून आम्ही बरोबर होतो हे सिद्ध करायला काही नव्हतं. शनिवारीच भरला असता तर कदाचित उभाही राहिला असता, आणि मॅनेजर पुढची वीस वर्षं तेच वाक्य बोलत राहिले असते. वर्षअखेरीच्या आढाव्यात साहेबांच्या नावापुढे चार दिवसांचा उशीर लागला. म्हणून कंपनीचं नाव नको म्हटलं.

जिथे घडतं, तिथे मग बातमी होते. ३१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर, शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे पुलाचा गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि वीस माणसं गेली. तो पूल तात्पुरता नव्हता, पण जे कोसळलं ते तात्पुरतं होतं. आपल्या गुजरातेत ५ नोव्हेंबर २०२४ ला वासदजवळ, मही नदीवर बुलेट ट्रेनच्या पुलाच्या कामात तात्पुरती उभारणी कोसळून तीन कामगार दगावले. अशा बातम्यांत 'पूल कोसळला' असं छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं सिमेंट खाल्लं असेल. अनेकदा सिमेंट ठीक असतं, पूल अजून पूल झालेलाच नसतो.

इंग्लंडात हे फार आधी घडलं. २४ ऑक्टोबर १९७२ ला रेडिंगजवळ लॉडन नदीवरच्या पुलाचं काँक्रीट ओतताना खालचा आधार कोसळला आणि तिघं गेले. तिथे असे अपघात त्या काळात लागोपाठ होत होते, म्हणून सरकारने समिती नेमली. अध्यक्ष स्टीफन ब्रॅग, वयाच्या पंचविशीत नोबेल मिळवणाऱ्या लॉरेन्स ब्रॅग यांचे चिरंजीव, आणि स्वतः रोल्स रॉइसमध्ये विमानाच्या इंजिनांवर काम केलेले. १९७५ च्या त्यांच्या अहवालात गणितं आहेतच, पण मुद्दा माणसांचा आहे. प्रत्येक साइटवर तात्पुरत्या कामाची जबाबदारी नावानिशी एकाच माणसाकडे असली पाहिजे, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय ना भार टाकायचा, ना टेकू काढायचा. १९८२ मध्ये त्यांच्याकडे यावर स्वतंत्र प्रमाण संहिता आली. त्यात आडव्या भाराचाही नियम आहे: आधारावर जेवढा उभा भार, त्याच्या निदान अडीच टक्के भार आडवा येईल असं धरून चाला, वारा असो वा नसो. कारण नळ्या शंभर टक्के ओळंब्यात कधीच उभ्या राहत नाहीत. आपल्याकडेही आयएस १४६८७ आहे, पुलांसाठी आयआरसी ८७ आहे. पुस्तकं कमी नाहीत. 'तो एक माणूस' पुष्कळ साइटवर नसतो, एवढंच.

या कामात सौंदर्य नाही असं मात्र समजू नका. मुलांनो, इंटरनेटवर 'साल्गिनाटोबेल' पुलाचे जुने फोटो शोधा. स्वित्झर्लंडमधली खोल दरी, १९२९-३० चं काम, ९० मीटर गाळ्याची काँक्रीटची कमान. पूल रोबेर माइयारचा, जगप्रसिद्ध. पण फोटोत दरीतून पंख्यासारखी उमललेली लाकडी परांची दिसते ती रिचर्ड कोराय नावाच्या माणसाची. तिच्यातली युक्ती बघा. त्या लाकडांवर अख्ख्या पुलाचं वजन कधी टाकलंच नाही. आधी फक्त कमानीचा खालचा पातळ पापुद्रा ओतला. तो कडक झाल्यावर वरचं सगळं वजन त्या पापुद्र्याने स्वतः घेतलं. म्हणून परांची इतकी हलकी ठेवता आली. मला तर पुलापेक्षा ती परांचीच देखणी वाटते, आणि ती आज नाही.

आणि अगदी आपल्या अंगणातलं पाहायचं असेल, तर सुरत-बिलिमोरा भागात बुलेट ट्रेनचे गर्डर ज्या पद्धतीने बसवले ते पाहा. ४० मीटर लांबीचा, ९७० टनांचा अख्खा गर्डर आधी जमिनीवर ओतायचा, मग उचलून, आधीच बसवलेल्या गर्डरांवरून नेऊन पुढच्या दोन खांबांवर ठेवायचा. खालून टेकू नाहीतच. टेकूंचं सगळं जंगल त्या यंत्राच्या पोटात गेलंय. ते यंत्र बनवण्यात आणि चालवण्यात जे डोकं लागतं, तेही टेंपररी वर्क्सचंच.

मी हे क्षेत्र सोडलं, त्यात रुसवाफुगवा काही नाही. वर्ष संपलं, तिथे कायमची जागा नव्हती, बाबा निवृत्त होत होते आणि पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने तिप्पट पगार देऊ केला. आमच्या बॅचचे निम्म्याहून जास्त सिव्हिलवाले आज कोड लिहितात. गंमत अशी की सॉफ्टवेअरमध्ये उलटा कारभार आहे. 'तात्पुरतं' म्हणून लिहिलेला कोड दहा दहा वर्षं काढत नाहीत, आणि त्यावर मजले चढत जातात. कुणी तो काढायला गेलं, तर सगळे ओरडतात, हात लावू नको. टेकूच खांब होऊन बसतात. आमचे मिस्त्री आमच्या ऑफिसात आले, तर दिवसभर एकच वाक्य बोलत फिरतील.

आता काकूंच्या खऱ्या प्रश्नाकडे. घ्यावी का ही जागा? मी म्हणेन, घ्यावी. पैशाचं आधी सांगतो. केंद्राच्या शिकाऊ योजनेत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन द्यायचं, असं २०१९ मध्ये ठरलं. कंपन्या त्याहून जास्त देतात किंवा देत नाहीत, ते कागदावर बघून घ्या. इच्छापोरला खोली, डबा आणि रिक्षा यातच ते संपेल, घरी काही यायचं नाही. पण त्या एका वर्षात भार कुठून कुठे जातो हे डोळ्यांना दिसायला लागतं, आणि ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

मुलाखतीला जाताना त्याने दोन गोष्टी मात्र उलट विचाराव्यात. इथे तात्पुरत्या कामाचं डिझाइन कोण तपासतं, आणि टेकू काढायची परवानगी कोण देतं? दोन्हीला एखाद्या माणसाचं नाव ऐकू आलं तर बरं. "आपण सगळे मिळून बघतो" असं उत्तर आलं, तर मी माझ्या भावाला तिथे पाठवणार नाही. आणि कुणी शिकाऊ पोराला म्हणालं, की "साहेब रजेवर आहेत, तूच सही कर", तर नोकरी गेली तरी चालेल, सही करायची नाही. काकू, हे तुम्ही त्याला घरून निघतानाच सांगा. तिथे सकाळी सहाला मिक्सर फिरत असतो आणि दहा माणसं तोंडाकडे बघत असतात, तेव्हा बावीस वर्षांच्या मुलाला 'नाही' म्हणणं सोपं नसतं. आई सांगून गेलीय, एवढं तरी पाठीशी असू दे.

ज्यांच्या घरी इंजिनियर नाही, पण गावाकडे घर बांधायचं चाललंय, त्यांच्यासाठी थोडं. ठेकेदाराला सिमेंटचा ब्रँड सगळेच विचारतात. सेंटरिंग कधी काढणार, हे कुणी विचारत नाही. त्याची घाई समजण्यासारखी असते, कारण त्याच प्लेटा आणि तेच टेकू त्याला पुढच्या घराला लावायचे असतात. साध्या सिमेंटला आयएस ४५६ ने मुदती दिल्या आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीमखालचे, सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१. पाणी मारणं नीट झालं नसेल किंवा थंडी कडक असेल, तर याहून जास्तच. कॉलमच्या बाजूच्या प्लेटा दुसऱ्या दिवशी काढल्या तर घाबरू नका, त्या फक्त आकार धरून असतात. वरच्या मजल्याचा स्लॅब टाकताना खालच्या मजल्याचेही काही टेकू जागेवर ठेवायला सांगा, कारण वरचं ओलं वजन खालच्या कोवळ्या स्लॅबवरच येतं.

आमच्या गावच्या घराचा स्लॅब झाला तेव्हा ठेकेदार सहाव्या दिवशी टेंपो घेऊन प्लेटा न्यायला आला होता. बाबांनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि आणखी आठ दिवसांचं प्लेटांचं भाडं रोख मोजून हातात ठेवलं. बाबा आयुष्यभर पोस्टात होते. टेंपो रिकामा परत गेला.